ग्योतोकूचं घर आणि सिंधूला दिलेला शब्द

मी, सुप्रभा गुणवंत वाघचौरे, वय त्र्याहत्तर, धर्माने ख्रिस्ती, मूळची राहुरीची, सध्या राहणार ग्योतोकु, इचिकावा शहर, जपान, निवृत्त मृदाशास्त्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा खुबा नाही, पण मृत्युपत्राला खुबा लागत नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. जे मला ओळखतात त्यांना हे वाक्य वाचून हसू येईल, तरी वकिलांच्या आग्रहाखातर लिहिलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कोणी म्हणालं, तर तो थापा मारतो आहे असं खुशाल समजावं.

इथल्या रीतीप्रमाणे मृत्युपत्र सगळं स्वहस्ते लिहून शिक्का मारावा लागतो. आपल्याकडे दोन साक्षीदार लागतात. मी भारतीय पासपोर्ट सोडला नाही आणि जन्म काढला इथे, म्हणून दोन्ही करते आहे. दोन डगरींवर पाय ठेवायची मला सवय आहे. इथल्या आणि पुण्याच्या, दोन्ही वकिलांनी मसुदा पाहिला आहे. दोघांनीही मान डोलावली, आणि वकिलांनी एकमताने मान डोलावणं हाच मी एक चमत्कार समजते.

कलम १. देहाबद्दल.

माझ्या देहाचं इथल्या पद्धतीने दहन करावं आणि अस्थी आमच्या जपानी चर्चच्या सामायिक थडग्यात ठेवाव्यात. राहुरीला आमच्यात पुरतात, आणि पुरलेलाच माणूस उठतो असं तिथल्या काहींचं पक्कं मत आहे. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राखेतून घडवायला जड जाणार नाही. मी आयुष्यभर मातीच तपासत आले, तिच्याबद्दल मला फाजील भक्ती नाही.

अंत्यविधीला लांबलचक भाषणं नकोत. 'त्या पवित्र जीवन जगल्या' असं तर कोणीही म्हणू नये. जी बाई कचऱ्याच्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या पिशव्या उघडून पाहत असे, कचरा नीट वेगळा केलाय का ते बघायला, तिच्याबद्दल असं बोलणं म्हणजे देवासमोर खोटी साक्ष. बोलायचंच असेल तर 'शिकत होत्या' एवढं म्हणावं आणि चहा द्यावा.

कलम २. किरकोळ वस्तू.

माती काढायचं गिरमिट, सूक्ष्मदर्शक आणि सायकल मी हयातीतच खालच्या मजल्यावरच्या निहारला देऊन टाकली आहेत. निहार इथल्या विद्यापीठात संशोधन करतो, मराठी आहे, आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यानेच करायची आहे. सायकलची साखळी सुटते. त्याने ती दुरुस्त करून घ्यावी, माझ्यासारखी शिव्या देत चालवू नये.

काचेच्या बरण्यांतले मातीचे नमुने पूर्वीला द्यावेत. ती आहे दीप्तीची मुलगी. दीप्तीबद्दल पुढे लिहिलं आहे. पूर्वी मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीत देते, पण मातीचा वास घेऊन 'ही शेतातली, ही नदीकाठची' असं बरोबर सांगते. बरण्या कोणी फेकायला निघेल म्हणून सांगून ठेवते, इथे महापालिका माती कचऱ्यात घेतच नाही.

त्यातल्या मोठ्या बरणीबद्दल दोन शब्द. ती माती उत्तरेकडच्या मियागी जिल्ह्याची. २०११च्या भूकंपानंतर समुद्र तिथल्या भातशेतात शिरून परत गेला आणि मीठ मागे ठेवून गेला. मी निवृत्त झाले होते, तरी आमच्या संस्थेने सल्ल्यासाठी बोलावलं. शेतात गोडं पाणी भरायचं, बांधून ठेवायचं, सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं, हे काम. पहिल्या पाण्यानंतर वरचा थर चांगला निघतो आणि शेतकरी खूश होतो. मग ऊन पडतं, जमीन वाळते आणि खालचं मीठ वर येतं. पुन्हा पाणी भरावं लागतं. यात कोणाचा दोष नसतो, कामच तसं आहे. माणसाच्या पवित्रीकरणाचंही असंच असावं असं मी एकदा माझा भाचा धीरज याला म्हणाले होते. त्याने मला ऐकवलं की देवाच्या कृपेची तुलना चिखलाशी करू नकोस. आता त्याच्याकडेच वळते.

कलम ३. घर.

ग्योतोकु येथील माझ्या मालकीचा, कर्ज फिटलेला फ्लॅट मी माझी धाकटी बहीण कैलासवासी, म्हणजे आमच्या भाषेत प्रभूत निजलेली, सिंधू हिचा मुलगा धीरज सदानंद लोंढे यास संपूर्ण मालकी हक्काने देत आहे. कोणतीही अट नाही.

का देते आहे तेही लिहिते, कारण लोकांना प्रश्न पडेल. सिंधू पुण्याच्या रुग्णालयात शेवटच्या दिवसांत होती. तिचा नवरा आधीच गेलेला. धीरज तेव्हा नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीच्या करारावर इकडे आला होता. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुझं घर माझ्या धीरजला. हो म्हण." मी हो म्हटलं. आमच्या आईने आम्हाला दोनच गोष्टी धड शिकवल्या, भाकरी थापणं आणि हो म्हणजे हो. भाकरी मला अजून जमत नाही.

मला मूलबाळ नाही. धीरज हाच माझा रक्ताचा. त्यालाही घराची गरज आहे, कासाई भागातली त्याची राहायची जागा कंपनीची होती आणि आता ती कंपनी उरलेली नाही. लग्न झालेलं नाही, त्याला पुरेल इतकी पवित्र मुलगी सापडली नाही.

मला हे घर त्याला द्यायचं नव्हतं, हेही लिहून ठेवते. घर मला दुसऱ्या कोणाला द्यायचं होतं. पण दिलेला शब्द मेल्यानंतर फिरवता येतो असं मला कोणी शिकवलेलं नाही, आणि जिला दिला ती परत घेऊ शकत नाही.

कलम ४. धीरजबद्दल.

घर मिळालं म्हणजे सगळं मिटलं असं धीरजने समजू नये. हे कलम मी त्याच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे. पाठीमागे बोलायची मला सवय नाही.

भूकंप झाला त्या मार्चमध्ये निम्मे मराठी लोक मिळेल त्या विमानाने गेले. उरलेली ख्रिस्ती माणसं रविवारी माझ्या पुढच्या खोलीत जमली. उपासना धीरज चालवत असे, आवाज चांगला, अभ्यास चांगला. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत मोडून वाटायला, भाकर हवी होती आणि कोंबिनीतले, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातले, पावाचे कप्पे रिकामे होते. तेव्हा आमच्यातल्या जयेश खरातची बायको दीप्ती हिने पुण्याहून आणलेली कणीक काढली, मुलीला कडेवर घेऊन माझ्या गॅसच्या छोट्या डब्यावर चालणाऱ्या शेगडीवर दोन चपात्या भाजल्या. धीरजने त्या हातात घेतल्या, धन्यवाद दिले आणि मोडल्या. जमीन अजून थरथरत होती. मी रडले, आणि मी सहसा रडत नाही.

त्यानंतर प्रभुभोजनाची चपाती दीप्तीचीच असा रिवाजच पडला. दीप्ती हिंदू. बाप्तिस्मा घेतलेला नाही, फ्रिजवर छोटा गणपती आहे. ती स्वतः कधी तुकडा घेत नसे. ताट समोर आलं की हात जोडून पुढे सरकवायची. कोणाला काही खटकलं नाही.

मग धीरज नागानोच्या डोंगरात एका शिबिराला गेला. परत आला तो वेगळाच. त्याने साक्ष दिली की अमुक तारखेला, सकाळच्या प्रार्थनेत, तो संपूर्ण पवित्र झाला, पापाचं मूळच उपटलं गेलं. ती तारीख तो लोक वाढदिवस सांगतात तशी सांगे. मी विचारलं, मग काल स्टेशनवर तुझी सायकल सरकवली म्हणून त्या म्हाताऱ्या रखवालदारावर कोण ओरडलं? तो म्हणाला, ते पाप नव्हतं, थकवा होता. एकदा पाप उरलं नाही असं ठरलं की थकवा फार वाढतो, हे मी तेव्हापासून पाहत आले.

आधी नुसतं ऑफिसातल्या मंदिरभेटीला नाही म्हणणं होतं. मग दिवाळीचा फराळ बंद, मग नवीन वर्षाचा मोची, म्हणजे इथला कुटलेल्या भाताचा गोळा, तोही बंद. पवित्र म्हणजे वेगळं, असं तो शिकवी. वेगळं खरंच. पण कशासाठी वेगळं, हा पुढचा धडा त्याने घेतला नाही. आमचे वडील मिशनच्या शाळेत शिकवायचे, ते म्हणत की पाण्याचा माठ वेगळा ठेवतात तो तहानलेल्याला द्यायला, नुसता झाकून ठेवायला नव्हे.

जयेश ऑफिसात बसल्या जागी गेला. हृदय. दीप्ती एका दुपारीत विधवा झाली. पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ती नेहमीसारखी चपाती कापडात गुंडाळून घेऊन आली. धीरज माझ्या दारात, माझ्या चपला ठेवायच्या जागेत उभा राहिला आणि तिला म्हणाला, "आधी बाप्तिस्मा घे. पवित्र वस्तूला पवित्र हात लागतात." त्याच्या हातात कोंबिनीचा पाव होता, कडा कापलेला, प्लास्टिकच्या पिशवीतला. तो कोणत्या कारखान्यात, कोणत्या हातांनी मळला, ते त्याने विचारलं नव्हतं. यंत्राला बाप्तिस्मा लागत नसावा.

दीप्तीने कापडाच्या टोकांची पुन्हा नीट घडी घातली आणि ती जिना उतरून गेली. मी धीरजला सांगितलं की तुझा पाव आणि तुझी उपासना घेऊन तूही उतर. तो उतरला आणि बाकीचेही त्याच्यामागून गेले. एदोगावाच्या एका भाड्याच्या सभागृहात त्यांची मंडळी भरू लागली. मी कोपऱ्यावरच्या जपानी चर्चमध्ये जाऊ लागले, तिथे सगळ्या म्हाताऱ्या आणि फारसं कोणी बोलत नाही. दीप्ती आणि पूर्वी माझ्या मागच्या खोलीत राहायला आल्या. त्या अजून इथेच आहेत.

मला त्याचा राग आला होता आणि तो राग मी बरीच वर्षं नीट जपला. भाचा स्टेशनवर दिसला तर मी रस्ता ओलांडत असे.

गेल्या साली त्याचे जुने वरिष्ठ वारले. मोठा सज्जन जपानी माणूस, धीरजला त्यांनी मुलासारखं शिकवलं होतं. अंत्यविधी बौद्ध. तिथे प्रत्येकाने पुढे जाऊन चिमूटभर धूप जाळायचा असतो. धीरज नुसती मान लववून परत फिरणार होता, पण त्या माणसाच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं. त्याने धूप घातला. मंडळीतल्या कोणीतरी ते पाहिलं. पुढच्या रविवारी सभागृहात त्याला उभं करून विचारलं गेलं, पश्चात्ताप करतोस का? त्याला 'करतो' म्हणता येईना आणि 'नाही' म्हणता येईना. त्याला काढलं. ज्यांना त्याने शिकवलं त्यांनीच, त्याच्याच शब्दांत.

पेराल तसं उगवेल, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तो त्या संध्याकाळी माझ्या दारात उभा होता. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी नुकतीच घरी आले होते. जाळायच्या कचऱ्याची पिशवी दाराशी होती, ती तो उचलून खाली ठेवून आला. मी चहा दिला. तेव्हापासून कचऱ्याच्या दिवशी येतो. ती शिबिराची तारीख त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलेली नाही. दीप्तीशी मात्र बोलत नाही. ती एका खोलीत असली की हा दुसऱ्या खोलीत, आणि माझं घर काही राजवाडा नाही.

कलम ५. दीप्तीबद्दल.

घरातलं सगळं सामान, भांडीकुंडी, पुस्तकं, आणि बँकेत खुब्याने जे काही शिल्लक ठेवलं असेल ते दीप्ती जयेश खरात हिला द्यावं. फार नाही. तिने मला उचललं, अंघोळ घातली, आणि माझी बोलणी खाल्ली. एकदाच उलट बोलली. मी पूर्वीला जपानीतून उत्तर दिल्याबद्दल रागावले तेव्हा म्हणाली, "मावशी, तुम्हीही देवाशी राहुरीच्याच मराठीत बोलता ना? मग तिलाही तिच्या भाषेत बोलू द्या."

माझ्या पश्चात तिला घर सोडावं लागेल, ही या मृत्युपत्रातली सर्वांत वाईट गोष्ट आहे आणि ती मी उघड्या डोळ्यांनी लिहिते आहे. परकी बाई, एकटी, पदरात मूल, अर्धवेळ नोकरी, हमीदार कोणी नाही. इथले घरमालक नम्रपणे वाकतात आणि नम्रपणेच दार लावतात. निहारने तिला जागा शोधायला मदत करावी. याहून जास्त काही माझ्या हातात नाही. मी ते दीप्तीला सांगितलं. ती म्हणाली, शब्द दिला असेल तर पाळायलाच हवा. तिने असं म्हटलं नसतं तर मला बरं वाटलं असतं.

पुण्याच्या वकिलांच्या सांगण्यावरून हेही लिहिते की धीरज माझ्याआधी गेला किंवा अन्य कोणत्याही कारणाने कलम ३ लागू झालं नाही, तर घर दीप्तीला मिळेल.

कलम ६.

हे कलम मसुद्यात नव्हतं. आज लिहिते आहे.

आज दुपारी साक्षीदारांना बोलावलं होतं. चर्चमधल्या किमुरा-सान आल्या, निहार आला. धीरजला कलम ४ ऐकायला बोलावलं होतं. दीप्ती स्वयंपाकघरात होती आणि बाहेर येणार नाही म्हणाली. मी सगळं मोठ्याने वाचलं. किमुरा-सान मराठी न कळताही योग्य जागी मान हलवत होत्या.

धीरज वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याच्याकडे बायबलमधली वचनं नेहमी तयार असतात. त्याने घातला नाही. वाचताना पावाचा उल्लेख आला तिथे खाली बघितलं, एवढंच. मग त्याने कागद मागितला आणि कलम ५ स्वतः वाचलं. साक्षीदार कोण, ते विचारलं. किमुरा-सान आणि निहार, असं मी सांगितलं. निहार पेन काढून बसलाच होता.

धीरज म्हणाला की निहारच्या जागी तो सही करेल.

मला वाटलं त्याला ठाऊक नाही. वकिलांनी मला बजावलं होतं, ते मी त्याला समजावून सांगितलं. आम्हा ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या वारसा कायद्यात जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही घेता येत नाही. मृत्युपत्र टिकतं, त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं. तू सही केलीस तर तुझ्या आईने मागितलेलं घर तुझ्या हातून जाईल आणि कलम ५ प्रमाणे दीप्तीला मिळेल.

तो म्हणाला, "ठाऊक आहे, मावशी. मंडळीत असताना दोघांची मृत्युपत्रं मीच लिहून दिली होती."

मी म्हटलं, द्यायचंच असेल तर मी गेल्यावर दे. घर तुझं झालं की तुझ्या मनाने, तुझ्या हाताने दे. एवढी घाई कशाला? आणि तू राहणार कुठे?

स्वयंपाकघरातला पंखा चालू होता. मग तो म्हणाला, "तेव्हा देईन असं आज वाटतंय. पण तेव्हा मी तुझ्या खोलीत उभा राहीन, किल्ली हातात असेल, आणि मला काहीतरी कारण सापडेल. चांगलं, पवित्र कारण सापडेल. मला मी ठाऊक आहे. आज जमतंय, तर आज करू दे."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवत असे, त्यानंतर आजच. निहारने पेन त्याला दिलं.

दीप्तीशी तो बोलला का, असं कोणी पुढे विचारेल. तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, उभा राहिला आणि परत आला. एका दिवसात माणसाकडे किती मागायचं.

सिंधूला दिलेला शब्द मी पाळला आहे. कलम ३ जसं आहे तसंच ठेवते आहे, एक अक्षर खोडत नाही. मी घर त्याला दिलं.

वरील सर्व मजकूर मी स्वहस्ते लिहिला, साक्षीदारांसमोर पुन्हा वाचला, आणि त्यांच्या देखत सही करून शिक्का मारत आहे. उरलेलं देवाच्या हाती.

सुप्रभा गुणवंत वाघचौरे (सही व शिक्का)

ठिकाण: ग्योतोकु, इचिकावा, जपान
दिनांक: २० नोव्हेंबर २०२२, रविवार

साक्षीदार
१. किमुरा साचिको (सही व शिक्का)
२. धीरज सदानंद लोंढे, लिहिणारीचा भाचा. वरील मजकूर वाचला. सहीचा परिणाम समजून, शुद्धीवर असताना सही करत आहे. (सही)